नाव नसलेला राक्षस



दिवाळीच्या आधी आपल्या गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहू लागतात. आधी सांगाडा, त्यावर गवत, त्यावर कागद आणि मग रंग. जाता येता मी हे काम थोडा वेळ थांबून पाहतो. मुलांचा सगळा जीव त्या नरकासुराच्या तोंडात गुंतलेला असतो. डोळे केवढे काढायचे, सुळे किती बाहेर आणायचे, जीभ लाल रंगवायची की काळी, यावर कडाक्याचे वाद होतात. त्याच्यासमोर ठेवायचा श्रीकृष्ण मात्र बहुधा शेवटच्या रात्री घाईघाईने तयार होतो! नरकासुर रात्रभर मिरवतो आणि चतुर्दशीच्या पहाटे जळतो.

गेल्या दिवाळीत अशाच एका नरकासुराशेजारी उभा असताना नववीतल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, फ्रँकेन्स्टाईन म्हणजे इंग्रजांचा नरकासुरच ना?" त्याने नुकताच जुना कृष्णधवल चित्रपट पाहिला होता. मी त्याला "नाही" एवढेच म्हणालो, कारण तिथे ढोल वाजत होते आणि उत्तर लांबलचक होते. ते उत्तर आज या अंकात लिहीत आहे. पालकांनीही वाचावे, अशी विनंती आहे. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचे नाव नाही. ते त्याला तयार करणाऱ्या माणसाचे आडनाव आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा जिनिव्हाचा एक हुशार तरुण विद्यार्थी. ज्याला त्याने घडवले, त्याला संपूर्ण कादंबरीत नावच नाही. व्हिक्टर त्याला सैतान म्हणतो, पिशाच्च म्हणतो, नीच म्हणतो, पण बारशाचे नाव काही ठेवत नाही. पुढे लोकांनी बापाचेच नाव मुलाला लावून टाकले. ही चूक इतकी रुळली आहे की आता ती दुरुस्त होईल असे वाटत नाही.

मराठीत आपण दुसरी एक चूक करतो. एखादी गोष्ट तयार करणाऱ्यावरच उलटली की आपण तिला 'भस्मासुर' म्हणतो. वर्तमानपत्रांत यंत्रांचा भस्मासुर असतो, कर्जाचा भस्मासुर असतो, आणि 'फ्रँकेन्स्टाईन' हा शब्द त्याच अर्थाने सर्रास वापरला जातो. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. शंकराने भस्मासुराला मागेल तो वर दिला. तिथे देणाऱ्याचा हात जरा जास्तच सैल होता. फ्रँकेन्स्टाईनने आपल्या निर्मितीला काहीच दिले नाही. अन्न नाही, वस्त्र नाही, भाषा नाही, नाव नाही. निर्मितीने डोळे उघडले आणि तो पळून गेला. सगळी कादंबरी या पळून जाण्यावर उभी आहे.

ही कादंबरी लिहिली मेरी शेली हिने. लिहायला घेतली तेव्हा तिचे वय होते अठरा, म्हणजे आपल्या बारावीच्या मुलींएवढे. १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची धूळ आकाशात पसरल्यामुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. थंडी आणि पाऊस हटेना. त्या वर्षी जिनिव्हाच्या सरोवराकाठी मेरी, कवी शेली, कवी बायरन आणि बायरनचा तरुण डॉक्टर पोलिडोरी ही मंडळी घरात अडकून पडली होती. वेळ घालवण्यासाठी प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी, असे बायरनने सुचवले. त्या खेळातून ही कादंबरी जन्मली आणि १ जानेवारी १८१८ रोजी, लेखिकेच्या नावाशिवाय, अवघ्या ५०० प्रतींत प्रसिद्ध झाली.

त्या काळी विजेचे कुतूहल फार होते. मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेने झटका बसतो, हे गॅल्व्हानीने दाखवले होते. त्याचा भाचा आल्दिनी याने तर १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतावर असा प्रयोग लोकांसमोर केला होता. पण मला वाटते, मेरीच्या मनात विजेपेक्षा दुसरेच काही खोल रुतलेले होते. तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी तिची आई वारली होती. आणि १८१५ साली तिचे स्वतःचे पहिले बाळ काही दिवसांतच गेले होते. जन्म देणे आणि जन्मलेल्याचे पुढे काय होते, हा तिच्या घरचाच प्रश्न होता.

आता राक्षस जिवंत होतो तो प्रसंग पाहू. नोव्हेंबरची रात्र, पाऊस, विझत आलेली मेणबत्ती. आठ फूट उंचीचा तो देह डोळे उघडतो. व्हिक्टरने त्याचे सगळे अवयव सुंदर असावेत म्हणून निवडून घेतलेले असतात. केस काळेभोर, दात मोत्यासारखे. पण जिवंत झालेला तो चेहरा पाहून व्हिक्टरला शिसारी येते. तो दुसऱ्या खोलीत जाऊन झोपतो. जाग येते तेव्हा तो प्राणी पलंगाचा पडदा बाजूला सारून त्याच्याकडे पाहत असतो. तोंडाने काहीतरी अस्पष्ट आवाज काढतो, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या येतात आणि तो एक हात पुढे करतो. व्हिक्टरला वाटते, हा आपल्याला धरणार. तो जिना उतरून पळतो.

बाळ पाहिले आहे ना तुम्ही? अस्पष्ट आवाज, हसल्यासारखा चेहरा, पुढे केलेला हात. हा प्रसंग व्हिक्टर सांगतो, म्हणून आपण तो भीतीने वाचतो. पलंगाच्या दुसऱ्या बाजूने वाचून पाहा.

मेरीने ती दुसरी बाजू सांगायची सोय कादंबरीतच करून ठेवली आहे, आणि माझ्या मते हाच या पुस्तकाचा खरा मोठेपणा आहे. पुस्तकाच्या मधोमध राक्षस स्वतः बोलू लागतो. नंतरच्या आवृत्तीत ही अकरा ते सोळा अशी सहा प्रकरणे आहेत. आल्प्समधल्या बर्फाच्या प्रदेशात तो व्हिक्टरला गाठतो आणि सांगतो, आधी माझे ऐक, मग हवे तर मला मार.

तो सांगतो ती हकिगत अशी. रानात भटकत तो एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या पडवीत लपतो. भिंतीच्या फटीतून आत पाहतो. आत आंधळे वडील, मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा. सुरुवातीला हा रात्री त्यांचे अन्न चोरून खातो. पण हे लोक स्वतःच अर्धपोटी राहतात, असे लक्षात येताच चोरी बंद करतो आणि रानातली कंदमुळे खातो. रात्री जाऊन त्यांच्यासाठी लाकडे तोडून दाराशी आणून ठेवतो. सकाळी ती दोघे चकित होतात, आणि आडोशाला बसलेल्या याला आनंद होतो. त्यांचे बोलणे ऐकून तो भाषा शिकतो. विस्तव, दूध, भाकरी, लाकूड हे त्याचे पहिले शब्द. पुढे त्या घरी साफी नावाची परदेशी मुलगी येते, फेलिक्स तिला शिकवू लागतो, आणि भिंतीपलीकडे बसून हाही शिकतो. एका शिकवणीत दोन विद्यार्थी, त्यातला एक शिक्षकाला ठाऊकच नाही! मिल्टनचे महाकाव्य तो वाचतो आणि विचारात पडतो की आदमला त्याचा देव भेटला तरी, मला कोण?

एके दिवशी धीर करून, आंधळे आजोबा घरात एकटे असताना, तो आत जातो. आजोबा त्याला बसायला सांगतात, त्याचे म्हणणे ऐकतात, मदत करू म्हणतात. संपूर्ण कादंबरीत त्याच्याशी माणसासारखा वागणारा हा एकच माणूस, आणि त्याला दिसत नाही. तेवढ्यात मुले परततात. अगाथा बेशुद्ध पडते, साफी पळते, फेलिक्स काठीने मारत सुटतो. याच्या अंगात फेलिक्सला फाडून टाकण्याइतकी ताकद असते. तो हात उचलत नाही. निघून जातो. पुढे नदीत बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवतो, तर तिच्या सोबतचा माणूस त्याच्यावरच गोळी झाडतो.

इथपर्यंत वाचून वर्गात मुले नेहमी त्याच्या बाजूची होतात. एकदम सगळीच्या सगळी. म्हणून पुढचा भाग गाळून चालत नाही.

पुढे जिनिव्हाजवळ त्याला एक लहान मुलगा दिसतो. लहान मुलाला अजून रूपाची किळस वाटत नसेल, याला आपण सोबती करू, असे त्याला वाटते. मुलगा किंचाळतो, त्याला राक्षस म्हणतो आणि आपण फ्रँकेन्स्टाईनच्या घरचे आहोत, असे धमकावून सांगतो. तो मुलगा म्हणजे व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम. राक्षस त्याचा गळा दाबून जीव घेतो. एवढ्यावर थांबत नाही. मुलाच्या गळ्यातले पदक त्या घरात वाढलेल्या जस्टिन या निरपराध मुलीच्या कपड्यांत लपवतो. जस्टिनवर खटला होतो आणि तिला फाशी होते. सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावतो तेव्हा बहुतेक वेळा अपराध्याला नाही, तर समोर सापडेल त्या दुबळ्याला लावतो. मेरीने हे लपवले नाही, आणि राक्षसाच्या दुःखाचे कारण सांगितले म्हणून त्याचा खून माफही केला नाही.

आणि व्हिक्टर? खून कोणी केला, हे त्याला मनोमन ठाऊक असते. पण लोक आपल्याला वेडा म्हणतील, या विचाराने तो खरी हकिगत सांगत नाही. जस्टिन फासावर जाते आणि तो आपल्या पश्चात्तापाचे लांबलचक वर्णन करत राहतो. दहावीच्या वर्गात मी एकदा या तिघांची नावे फळ्यावर लिहिली: ज्याने मारले तो, जो गप्प बसला तो, आणि खटल्यात बसून जिने केले नाही तिला दोषी ठरवणारी मंडळी. राक्षस कोण, म्हणून विचारले. तास संपला तरी वाद संपला नव्हता.

आता चित्रपटाकडे येऊ. त्या विद्यार्थ्याने पाहिला तो १९३१ चा. दिग्दर्शक जेम्स व्हेल, राक्षसाच्या भूमिकेत बोरिस कार्लोफ. चपटे डोके, जड पापण्या, मानेतले खिळे असा तो चेहरा रंगभूषाकार जॅक पियर्स यांनी घडवला. पुस्तकात असे काहीच नाही. आपल्या वाड्यावर नरकासुराचे तोंड घडवणाऱ्या मुलांसारखेच पियर्स यांनीही राक्षस कसा दिसावा ते ठरवले, आणि जगाने ते मान्य केले. चित्रपट उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही. तळ्याकाठी छोटी मारिया राक्षसाला न घाबरता त्याच्या हातात फुले देते. दोघे ती पाण्यावर तरंगत सोडतात. फुले संपतात तेव्हा, हीसुद्धा तरंगेल या समजुतीने तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते, आणि तो भांबावून पळतो. तिला फेकण्याचा भाग त्या काळी कापण्यात आला होता. त्यामुळे तो हात पुढे करतो एवढेच दिसत असे, आणि पाहणाऱ्याच्या मनात त्याहून भयंकर काहीतरी येई. कापलेला भाग १९८० च्या दशकात पुन्हा जोडला गेला.

पण चित्रपटाने दोन बदल केले आणि ते लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला, राक्षस मुका झाला. खरे तर ही चाल जुनी. १८२३ साली लंडनमध्ये या कादंबरीवर नाटक आले, त्यातही राक्षसाला बोलणे नव्हते. दुसरा बदल त्याहून मोठा. चित्रपटात शास्त्रज्ञाचा नोकर चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी घेऊन येतो. हा मेंदू पुस्तकात कुठेच नाही. पुस्तक म्हणते, याला टाकले, झिडकारले, मारले, म्हणून हा असा झाला. बरणी म्हणते, हा मुळातच असा होता. बरणी आली की कोणालाच काही विचारावे लागत नाही. ना बापाला, ना फेलिक्सला, ना मशाली घेऊन पवनचक्की पेटवायला निघालेल्या गावकऱ्यांना. बोलणारा राक्षस असता तर त्याने विचारले असते. तो मुका केला आहे.

१९३५ च्या पुढच्या भागात व्हेल यांनीच त्याला थोडे शब्द परत दिले, आणि ते कोणाकडून, तर व्हायोलिन वाजवणाऱ्या एका आंधळ्या म्हाताऱ्याकडून. भाकरी, मित्र, चांगले, असे मोजके शब्द. २०२५ साली आलेल्या गिलेर्मो देल तोरो यांच्या चित्रपटात तर राक्षस पुन्हा स्वतःची हकिगत स्वतः सांगतो. पुस्तकातला आवाज परत मिळायला बराच काळ गेला.

राक्षसाला भाषा नसली तरी त्याचे म्हणणे मांडता येते, हे जपानी लोकांनी १९५४ साली 'गोजिरा' या चित्रपटात दाखवले. आपण त्याला गॉडझिला म्हणतो. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवरील २३ जणांवर पडली. त्यांच्यातला एक जण सप्टेंबरमध्ये मरण पावला आणि नोव्हेंबरमध्ये हा चित्रपट आला. समुद्राच्या तळाशी राहणारा हा प्राणी बाँबच्या चाचण्यांमुळे उठतो. त्याची ती खडबडीत, भाजल्यासारखी कातडी नीट पाहा. टोकियो जाळणारा तो स्वतःही त्याच बाँबने भाजलेला आहे. शेवटी डॉक्टर सेरिझावा आपल्या शोधलेल्या अस्त्राने त्याला मारतो, पण त्याआधी आपली सगळी टिपणे जाळतो आणि समुद्राच्या तळाशी स्वतःही मरतो. ते ज्ञान दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये म्हणून. व्हिक्टर पळाला होता, सेरिझावा पळत नाही.

पालकांना वाचायला सांगितले होते, त्याचे कारण आता सांगतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेत, पाचवीत एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत तो इतरांचे डबे खाऊन टाकी. तक्रारी येत. महाभारतात एकचक्रा नगरीचे गाडाभर अन्न खाणारा बकासुर आहे, तेव्हा आम्ही शिक्षक त्याला बकासुर म्हणू लागलो. आधी शिक्षकांच्या खोलीत, मग वर्गातही. मीसुद्धा हजेरी घेताना एकदा तसे म्हटले आणि वर्ग खूप हसला. तोही हसला. सहामाहीनंतर त्याची मावशी दाखला न्यायला आली. आई दवाखान्यात, वडील कामासाठी बाहेरगावी, मुलगा शेजाऱ्यांकडे राहत होता, असे तिने सांगितले. इतरांचे रिकामे झालेले डबे मी अनेकदा मोजले होते. त्याचा स्वतःचा डबा कुठे आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. तो आणतच नव्हता.

ज्यांचे डबे गेले ती मुले उपाशी राहिली, हेही खरेच. त्यात एक अगदी अशक्त मुलगी होती आणि तिचे पालक रागावले, ते रास्तच होते. पण आम्ही बरणी शोधली आणि तिच्यावर नाव चिकटवून मोकळे झालो.

आता पुन्हा आपल्या नरकासुराकडे. पुराणात तो भूमीचा मुलगा, म्हणून त्याला भौमासुर असेही म्हणतात. त्याने हजारो स्त्रियांना कोंडून ठेवले होते, आणि तो मारला गेला हे बरेच झाले. तरीही मरताना त्याने काही मागितले, असे कथा सांगते: माझ्या मृत्यूच्या दिवशी लोकांनी दिवे लावावेत. आपल्या जुन्या कथाकारांनी राक्षसाला शेवटचे दोन शब्द बोलू दिले आहेत. बळीराजाचेही तसेच. तो असुर, पण पाडव्याला त्याचे राज्य परत यावे असे म्हणणारी आपली माणसे आहेत. आणि हिडिंबा राक्षसी तर भीमाची पत्नी, घटोत्कचाची आई. कुरुक्षेत्रावर पांडवांसाठी मेलेला हा मुलगा राक्षसीच्या पोटचा, हे आपण सहसा मोठ्याने म्हणत नाही.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी या वेळचे काम असे आहे. मूळ कादंबरी इंग्रजीत आहे आणि भाषा जुनी आहे, तेव्हा सगळी वाचण्याचा हट्ट धरू नका. राक्षस बोलतो ती सहा प्रकरणे आधी वाचा. अडेल तिथे इंग्रजीच्या शिक्षकांना विचारा. मग पुढीलपैकी एकाची हकिगत मराठीत, त्याच्याच तोंडून, एका पानात लिहा: फाशीच्या आदल्या रात्रीची जस्टिन, काठी खाली ठेवल्यानंतरचा फेलिक्स, किंवा मुले ओरडत असताना नेमके काय झाले ते न दिसलेले आंधळे आजोबा. नरकासुराचे तोंड घडवणाऱ्या मंडळींना चौथा पर्याय आहे. या वर्षीच्या तुमच्या नरकासुराला पहाटे जळण्यापूर्वी एकच वाक्य बोलता आले, तर ते कोणते असेल?

पाने दिवाळीच्या सुट्टीनंतर वाचनालयाच्या टेबलावरील पेटीत टाकावीत. कागदावर स्वतःचे नाव लिहिले नाही तरी चालेल.